वरचं कार्ड

आमच्या मंडळीत कुणी कुणाला तोंडावर 'नाही' म्हणत नाही. 'प्रार्थना करून सांगतो' असं म्हणतात. शब्बाथशाळेला शिक्षक हवाय, येता का? प्रार्थना करून सांगतो. नाताळच्या नाटकात हेरोद व्हाल का? प्रार्थना करून सांगतो. विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं, तो लगेच पुढच्या बाकाकडे वळतो. एक नवे पाळकसाहेब सोलापूरकडून बदलून आले होते. त्यांनी पहिल्या वर्षी अकरा जणांच्या उत्तराची चार महिने खरोखर वाट पाहिली. मग तेही सुधारले.

म्हणून डिसेंबरच्या दहा तारखेला कर्जतच्या वृद्धाश्रमातून मीराबाई भांबळ यांचा फोन आला आणि वीरेंद्र अमोलिक त्यांना "प्रार्थना करून सांगतो" म्हणाला, तेव्हा मीराबाईंनी "बरं, सलाम" म्हणून फोन ठेवायलाच घेतला.

"अहो, थांबा. मी खरंच प्रार्थना करून सांगतो."

मीराबाई बावीस वर्षं तिथे अधीक्षक होत्या, पण असा प्रसंग त्यांच्यावर आला नव्हता.

"खरंच म्हणजे... किती दिवस लागतील?"

"ते मला कसं कळणार?"

"असं आहे अमोलिक, एक खाट रिकामी झालीय. खिडकीजवळची आहे, समोर आंबा आहे. मागे सात नावं आहेत. दोन जानेवारीला मला होय किंवा नाही कळवा. त्याच्या आत देवानं कळवलं तर उत्तमच."

खाट रखमाबाईंसाठी होती. रखमाबाई म्हणजे वीरेंद्रची सासू, वय शहाऐंशी, माहेर-सासर दोन्ही नगरकडचं. चौदा वर्षांपूर्वी त्या लेकीकडे, मुंबईत भोईवाड्यामागच्या चाळीतल्या दोन खोल्यांत राहायला आल्या. लेक शकू होती तोवर काही प्रश्न नव्हता. शकू अकरा ऑक्टोबरला गेली. दुपारी पोटात दुखतंय म्हणाली, संध्याकाळी दवाखान्यात नेली आणि तिसऱ्या दिवशी वीरेंद्रने सात कागदांवर सह्या केल्या. आता घरात उरले त्रेसष्ट वर्षांचा जावई आणि शहाऐंशी वर्षांची सासू. या दोघांना जोडणारा मधला तुकडाच निघाला होता.

रखमाबाईंना जुनं सगळं आठवायचं. नवं टिकायचं नाही. रोज दुपारी जाग आली की त्या विचारायच्या, "शकू कुठं गेली?"

पहिले आठ दिवस वीरेंद्रने खरं सांगितलं. आठही दिवस त्या पहिल्यांदाच कळल्यासारख्या रडल्या. नवव्या दिवशी तो म्हणाला, "हिंदमाताच्या बाजाराला गेलीय."

"खोकी आणाया गेली आसंल," रखमाबाई म्हणाल्या आणि समाधानाने पुन्हा आडव्या झाल्या. तेव्हापासून शकू रोज हिंदमाताला जात होती. वीरेंद्र मंडळीचा पंच होता आणि रोज दुपारी अडीचला खोटं बोलत होता. त्याबद्दल त्याला काही वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं.

त्याला कशाबद्दलच काही वाटत नव्हतं. पाणीखात्यात तेहतीस वर्षं काढलेला माणूस तो. नळ सोडला आणि पाणी आलं नाही तर नळाला दोष देऊ नये, वर कुठेतरी चावी बंद असते, हे त्याला ठाऊक होतं. भेटायला आलेले लोक त्याच्या गळ्यात पडून रडायचे. तो त्यांना पाणी द्यायचा. पहिल्या महिन्यात त्याने इतकं पाणी वाटलं की नोकरीत असल्यासारखं वाटलं.

पुण्याहून मुलगा ध्रुव एक दिवसाआड फोन करायचा.

"पप्पा, प्रॅक्टिकल व्हा ना. तुमची शुगर, आजीची पडापड. तिथे चोवीस तास नर्स आहे. आपल्याच लोकांचं आहे, रोज भक्ती असते. काय ठरलं?"

"प्रार्थना करतोय."

"मग?"

"काही नाही."

"म्हणजे देव नाही म्हणाला?"

"नाही म्हणाला असता तर 'नाही' आलं असतं. काही नाही आलं."

"पप्पा, कधीकधी काही नाही म्हणजे हो असतं."

"हे कुठं लिहिलंय?"

ध्रुव म्हणाला, नेटवर्क जातंय.

वीरेंद्र काही वेडगळ माणूस नव्हता. देवाने ढगांतून बोलावं अशी त्याची अपेक्षा नव्हती. त्याने साधा उपाय करून पाहिला. डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडलं आणि बोट ठेवलं. पहिल्या दिवशी मंडपाच्या पडद्यांची मापं आली. दुसऱ्या दिवशी कुणाला कोण झाला याची यादी. तिसऱ्या दिवशी पाल आणि सरडा खाऊ नये असा स्पष्ट आदेश निघाला. तो त्याने पाळला.

शेजारची दर्शना सकाळी पोळ्या टाकून जायची आणि दुपारी रखमाबाईंच्या उशाशी बसायची. सिंधुदुर्गातली पोरगी, बोलायला फटकळ. तिने हा बोटाचा प्रयोग दारातून पाहिला.

"काका, आमच्याकडे गावाक कौल लावतात. देवाच्या अंगाक पाकळ्यो चिकटवतत. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाय."

"मग बरंय. लगेच कळतं."

"लगेच कसला! गुरव कुठली पाकळी किती ओली करून लावता, तां बघूक व्हया. आमच्या बाबांनी चाळीस वर्षां होच अभ्यास केल्यानी."

वीरेंद्रने मान हलवली. आपल्यात असला प्रकार नसतो याचं त्याला थोडं बरं वाटलं. त्याची भिस्त एक जानेवारीवर होती.

एक जानेवारीच्या सकाळच्या उपासनेत आमच्याकडे वचनाची टोपली फिरते. प्रत्येकाने एक कार्ड उचलायचं. त्यावरचं वचन हे वर्षभरासाठी देवाने तुम्हाला दिलेलं, असं समजायचं. ही कार्डं एकतीस वर्षं शकू लिहायची. हिंदमाताच्या साडीच्या दुकानांतून रिकामी खोकी आणायची, पुठ्ठा कापायची आणि पांढऱ्या बाजूला टपोऱ्या अक्षरांत वचन लिहायची. मागच्या बाजूला दुकानाच्या नावाचा सोनेरी तुकडा उरायचा. मंडळीतल्या कित्येकांच्या देवघरात, म्हणजे टीव्हीवर, अजून अशी कार्डं आहेत. पुढे देवाचं वचन आणि मागे 'रीज ॲण्ड ड्रे'.

टोपली घेऊन बाकाबाकाला शकूच जायची. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी वीरेंद्र टोपलीत हात घालून ढवळायला लागला, तेव्हा ती पुटपुटली होती, "वरचं घ्या. खणत काय बसलात? बरं दिसत नाही." तेव्हापासून तो वरचं घ्यायचा. आणि काय सांगावं, ते कार्ड नेहमी नेमकं लागू पडायचं. सत्त्याण्णव साली मस्कतची नोकरी चालून आली होती, तेव्हा आहेस तिथे स्थिर राहा अशा अर्थाचं आलं. तो राहिला. दोन हजार अकरा साली अनोळख्याला घरात घेण्याचं, पाहुणचाराचं आलं. तिसऱ्या दिवशी शकू म्हणाली, "आईला इकडे आणू का?" अंगावर काटा आला होता त्याच्या. साक्ष म्हणून त्याने हा प्रसंग उपासनेत दोनदा सांगितला होता.

तेव्हा यंदाही कार्ड सांगेल. दोन तारीख मुदतीची, एक तारीख कार्डाची. हिशोबात बसत होतं.

वीस तारखेला मंडळीचा सेक्रेटरी हितेंद्र उमाप घरी आला. पाणी प्यायला, रडला, पुन्हा पाणी प्यायला.

"काका, ती कार्डं. कमिटीचं म्हणणं, काकूंची सेवा तुम्हीच पुढे चालवा."

"प्रार्थना करून सांगतो."

"काका, रिकामी टोपली फिरवू का? पोरं म्हणतात क्यूआर कोड लावू. स्कॅन केलं की वचन. मी म्हटलं, अमोलिक काका आहेत ना."

झालं. वचनाची वाट बघणाऱ्यालाच वचनं लिहायला बसवलं. पोस्टमनला स्वतःच्या पत्राची आशा असू शकते, पण पत्रं त्यानेच लिहायची म्हटल्यावर कठीण होतं.

कपाटावरून त्याने शकूचा पत्र्याचा डबा काढला. कापलेले पुठ्ठे, दोन स्केचपेनं, पट्टी आणि एक शाळेची वही. वहीत सालवार वचनांची यादी होती, कोणतं किती वेळा द्यायचं त्याच्या खुणा होत्या. शापाची, पटकीची, अग्नीची वचनं तिने मुळातच घेतली नव्हती. प्रत्येक सालाच्या शेवटी रेघ मारून खाली एकच ओळ होती.

'१९९७. ह्यांचं मस्कत. स्थिर राहण्याचं. कोपरा दुमडला.'

'२००४. ह्यांचा राग. जिभेबद्दलचं. कोपरा दुमडला.'

'२०११. आई येणार. पाहुणचाराचं. कोपरा दुमडला.'

'२०२५. ह्यांचं वजन. संयमाचं. कोपरा दुमडला.'

वीरेंद्रने वही दोनदा वाचली. त्याला आठवलं, हो, वरच्या कार्डाचा कोपरा नेहमी जरा दुमडलेला असायचा. त्याला वाटायचं, पुठ्ठाच तसा आहे.

म्हणजे एकतीस वर्षं त्याने देवाचं ऐकलं असं समजून बायकोचं ऐकलं होतं. इतर नवरे उघडपणे ऐकतात. याने साक्ष दिली होती. चिडायला हवं असं त्याच्या लक्षात आलं. त्याने थोडा वेळ वाट पाहिली. लाईनला प्रेशर नव्हतं. मग त्याने वही मिटली आणि कार्डं लिहायला घेतली.

एकशे चाळीस कार्डं आठ दिवसांत झाली. शेवटचा पुठ्ठा हातात आला तेव्हा त्याच्या डोक्यात एक थंड आणि सरळ विचार आला. सासू दुमडलेल्या कोपऱ्याने आली. दुमडलेल्या कोपऱ्याने जाऊ शकते. शेवटी कुणीतरी ठरवायचंच होतं, आणि ध्रुव म्हणत होता ते काही चूक नव्हतं. त्याने एक वचन निवडलं, दोन मिनिटांत. जुन्या करारातल्या त्या घर सोडून निघालेल्या माणसाला मिळतं, त्या अर्थाचं: जिथे जिथे जाशील तिथे मी तुझ्याबरोबर आहे, तुला टाकणार नाही. कर्जतला चाललेल्या बाईसाठी याहून चांगलं काय असणार? त्या स्वतः देवाच्या टोपलीतून उचलतील, तो वाचून दाखवेल, त्या मान डोलावतील. कुणावर काही राहणार नाही. त्याने कोपरा दुमडला. दर्शनाला सांगितलं, आईंची पिशवी भरून ठेव, दोनचार दिवसांचं. तिने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि पिशवी शोधायला गेली.

एक जानेवारीला साडेनऊची उपासना. शेवटच्या बाकाच्या टोकाला प्लॅस्टिकच्या खुर्चीत रखमाबाई, पांढरं पातळ, मांडीवर पर्स, पर्समध्ये खोकल्याच्या गोळ्या. उपदेश झाला. वीरेंद्र टोपली घेऊन निघाला. लोकांनी कार्डं उचलली, वाचली, डोळे टिपले. हितेंद्रला धीराचं वचन आलं, त्याने लगेच फोटो काढून स्टेटसला टाकला. वीरेंद्र शेवटच्या बाकाशी आला, तेव्हा अंगठ्याखाली धरलेलं कार्ड त्याने वर सरकवलं.

"घ्या आई."

रखमाबाईंनी टोपलीत पाहिलं. मग जावयाकडे पाहिलं. आणि हात सरळ तळाशी घातला.

"आई, वरचं घ्या ना."

"वरचं कसं घिऊ?"

"घ्या हो. खणत काय बसलात, बरं दिसत नाही."

"अवो, वरचं जावयाचं आसतंय!" रखमाबाईंचा आवाज लहान कधीच नव्हता. "शकू रागावती. म्हंती, आई, वरच्याला हात लावायचा नाय, त्ये ह्यांचं हाय."

पुढचे चार बाक मागे वळले. पाळकसाहेबांनी घाईने पुढच्या गीताचा क्रमांक सांगितला. रखमाबाईंनी तळातलं एक कार्ड काढून, न वाचता, गोळ्यांच्या शेजारी पर्समध्ये टाकलं. मग वरचं उचललं, दुमडलेला कोपरा अंगठ्याने चाचपून खात्री केली आणि वीरेंद्रच्या हातात ठेवलं.

"ह्ये तुमचं. वाचा."

"घरी वाचू."

"आत्ता वाचा. दर वर्षी वाचताय की मोठ्यांदा."

वीरेंद्रने वाचलं. अक्षर त्याचंच होतं, त्यामुळे अडखळायला काही कारण नव्हतं. "जिथे जिथे जाशील तिथे मी तुझ्याबरोबर आहे. मी तुला..." तो थांबला. चष्मा पुसला. चष्मा स्वच्छ होता. "...टाकणार नाही."

रखमाबाई त्याच्या तोंडाकडे बघत होत्या, पुठ्ठ्याकडे नाही.

"बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, त्या दर्शनीनं पिशवी कशापायी भरलीया."

दुपारी घरी त्याने चहा केला. साखर दोन्ही कपांत घातली, मग आपला कप ओतून दिला आणि पुन्हा केला.

"आई, शकू माझं कार्ड ठरवायची, ते तुम्हाला माहीत होतं?"

"मीच पुठ्ठं धरायची की."

"आणि मी समजत होतो, देव सांगतोय."

"मग?" रखमाबाईंनी बशीत चहा ओतला. "बाकीच्यांची कार्डं ती एका आठवड्यात उरकायची. तुमच्या एका कार्डाला धा दिस उपास करायची. न्हाय जेवायची दुपारचं. गुडघ्यांवर बसायची हितं, कपाटापशी."

वीरेंद्रला तिचे दुपारचे उपास आठवले. त्याला वाटायचं, ॲसिडिटी.

"मग दहा दिवसांनी तिला उत्तर यायचं?"

"कुठलं येतंय!" रखमाबाई फुरका मारून म्हणाल्या. "काय बी यायचं न्हाई. शेवटाला आपलं जे बरं दिसंल त्ये लिवायची. आन् मग वरीसभर घाबरायची. मस्कतच्या टायमाला तर, तिनंच सांगितलं मला, रोज म्हणायची, देवा, मी लिवलंय, चुकलं आसंल तर तू सांभाळ. चुकलं आसंल तर तू सांभाळ. जपच लावला हुता, हिंदू बाईगत." त्या हसल्या. मग बशी खाली ठेवून त्यांनी दाराकडे पाहिलं. "कुठं गेली म्हणायची ती?"

अडीच वाजले होते.

वीरेंद्रने तोंड उघडलं. हिंदमाता तयार होतं. पण आज एक जानेवारी, दुकानं उघडी असली तरी खोक्यांचं काम संपलेलं होतं, हे रखमाबाईंनाही कळलं असतं.

"गेली, आई," तो म्हणाला. "ऑक्टोबरात."

त्या रडल्या. नेहमीसारख्या, पहिल्यांदाच. त्याने पाण्याचा पेला भरला आणि तो त्यांच्यासमोर धरून उभा राहिला. त्यांनी पेला घेतला नाही, त्याचं मनगट धरलं. हात हलवता येईना म्हणून तो खाली बसला. किती वेळ बसला ते त्याने मोजलं नाही. काही आलं नाही म्हणावं तर तसंही नव्हतं. जुन्या नळाला पाणी यायच्या आधी नुसती हवा येते, खरखर होते, तसं घशात काहीतरी झालं आणि थांबलं. रखमाबाईंना तशीच झोप लागली तेव्हा त्याने मनगट सोडवलं. पेल्यातलं पाणी स्वतः प्यायला. मग भिंतीपाशी ठेवलेली पिशवी उघडली. दोन पातळं, टॉवेल आणि तेलाची बाटली कपाटात जागच्या जागी लावली. फोन उचलला.

"बोला अमोलिक," मीराबाई म्हणाल्या. "नवीन वर्षाचा सलाम. झाली प्रार्थना करून?"

"झाली."

"मग पाठवताय?"

"नाही."

आमच्या मंडळीच्या इतिहासात हा शब्द एवढ्या सुट्या स्वरूपात कुणी उच्चारला असेल असं मला वाटत नाही. मीराबाईंना वाटलं, फोन कट झाला.

"हॅलो? म्हणजे... देवानं तसं सांगितलं?"

"देवानं काही सांगितलं नाही."

"मग तुम्ही कसं ठरवलं?"

"मलाही नीट सांगता येत नाही."

"अमोलिक, नीट विचार करा. त्या पडल्या झडल्या तर? तुम्ही आजारी पडलात तर? ही खाट परत मिळणार नाही. उद्या चुकलं असं वाटलं तर काय कराल?"

वीरेंद्रने खरोखर विचार केला. त्याला भीती वाटली. तीन महिन्यांत स्पष्ट ओळखू येईल असं वाटलेलं ते पहिलं काहीतरी होतं, म्हणून त्याने ते थोडा वेळ तसंच राहू दिलं.

"मागच्या सात नावांपैकी कुणाला तरी आंबा आवडेल," तो म्हणाला. "सलाम, बाई."

ध्रुवला त्याने संध्याकाळी सांगायचं ठरवलं. ध्रुव प्रॅक्टिकल बोलणार होता, आणि त्याचं बरंचसं खरंही होतं. महिन्यातून दोन शनिवार तूच येऊन बस, असं त्याला सांगायचं होतं. त्यावर तो काय म्हणेल हे वीरेंद्रला आत्ताच ऐकू येत होतं: प्रार्थना करून सांगतो.

डबा अजून टेबलावर होता. त्याने शकूची वही काढली, शेवटच्या ओळीखाली रेघ मारली आणि स्केचपेनने लिहिलं: '२०२६. आई इथेच. चुकलं असेल तर सांभाळ.'

रखमाबाई जाग्या झाल्या होत्या. उशीवरूनच बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मघाचं काही उरलं नव्हतं.

"काय लिवताय?"

"कार्ड."

"कुणाचं?"

"आपलं."

"मग कोपरा दुमडा," रखमाबाई म्हणाल्या.